शुगर असताना थायरॉईड मंदावला तर काय करायचं?

मे महिना, पारा ४५ वर, घरात कूलर सुरू आणि आमची आत्या शाल पांघरून बसलेली. थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, वाढतं वजन, सगळ्यावर घरात एकच उत्तर: 'शुगर आहे नं तिला, होते असं.' त्या उत्तरापायी तिची थायरॉईडची तपासणी वर्षभर राहून गेली. म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात तपासणीपासून करा. डॉक्टरांना स्वतःहून विचारा, 'टीएसएच करून घेऊ का?' ही थायरॉईडची रक्ततपासणी. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, पण उपाशीपोटीच्या शुगरसाठी रक्त देता त्यातच ती होऊन जाते. बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ नॉर्मल धरतात. आकडा थोडाच वर असेल तर लगेच गोळी लागेलच असं नाही; पुन्हा तपासणी आणि फ्री टी-फोर (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन) बघून डॉक्टर ठरवतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, त्याने रिपोर्ट चुकू शकतो. आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं सुरू असेल तर जीवनसत्त्व बी-१२ ही बघून घ्या, त्याच्या कमतरतेनेही असाच थकवा येतो.

गोळी सुरू झाली की खरी कसोटी सकाळची. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे नागपुरात फुटाळा तलावावर फिरून आलं की तर्री पोहे अन् चहा ठरलेला. मग उठल्याउठल्या गोळी घ्या आणि फिरायला निघा. पोहे समोर येईतो तास झालेला असतो. इन्सुलिन किंवा शुगर फार उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर जाणवली तर ती लगेच खायची, थायरॉईडच्या गोळीचा विचार करत बसायचं नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. मेटफॉर्मिन नेहमीसारखी जेवणासोबत.

उन्हाळ्यात ही गोळी स्कूटरच्या डिक्कीत किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णतेने तिचा असर कमी होतो.

यानंतरची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. थायरॉईड मंद असतो तेव्हा इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे शुगर एकाएकी उतरू शकते. उपचार सुरू झाले की उलटं होतं, इन्सुलिनची गरज वाढू शकते. म्हणून पहिले दोन महिने ग्लुकोमीटरचे आकडे वहीत लिहा, डोस मात्र स्वतः बदलू नका. उपचाराआधीचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतं, ते या वहीशी ताडून बघायला सांगा. वाढलेलं कोलेस्टेरॉलही कधीकधी थायरॉईडमुळे असतं.

टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर अगदी कमी डोसपासून सुरुवात करतात. छातीत दुखलं, धडधड वाढली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बरं वाटलं म्हणून गोळी बंदही करू नका.

मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत जा की घराजवळच्या डॉक्टरांकडे, ती वही आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या.