स्थलांतरित मुलांना शाळेत बसवताना मी केलेली चूक

दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याहून नाशकात उतरणारी कुटुंबं तुम्ही पाहिलेली असतात. सकाळी पेठ नाक्यावर उभी, दिवसभर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत नाहीतर एखाद्या बांधकामावर. शिमग्याला गावी जातात, पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भातलावणीला, पुन्हा घर गाठतात. त्यांच्या मुलांना इथे रुळायला मदत करायची म्हणून तुम्ही स्वयंसेवक म्हणून नाव दिलं असेल, तर आधीच सांगते: तुमच्या हातात वर्ष नसतं, जेमतेम चार-पाच महिने असतात. त्यातला दीड महिना मी एका चुकीत घालवला.

ती मुलगी 12 वर्षांची होती. गावी दोन वर्षं शाळेत गेलेली, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसलेली. वाचताना जोडाक्षर आलं की थांबायची. मी म्हटलं, तिसरीत बसवू, पाया पक्का होईल. शाळेनंही लगेच होकार दिला. मला केवढा आनंद झाला होता!

नवव्या दिवशी ती आली नाही. आठवडाभर वाट पाहिली, मग त्यांच्या पालावर गेले. आईबरोबर मणी विरळणीला, म्हणजे द्राक्षघडातले जादा मणी काढायला, जायला लागली होती. चुलीपुढे भाकरी थापत होती. शाळेचं विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "ताई, तिथल्या पोरींचे अजून दुधाचे दात पडतात."

मला उत्तर सुचलं नाही. पुढे समजलं, ते आधीच वाचायला हवं होतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 2010 मध्ये. त्याच्या कलम 4 मध्ये साफ लिहिलंय की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गातच प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. नियमांत त्यासाठी किमान 3 महिने आणि जास्तीत जास्त 2 वर्षं धरली आहेत. वयाची 14 वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं मोफत शिक्षण तुटत नाही. म्हणजे तेव्हाच्या नियमाने तिची जागा सहावी-सातवीत होती (महाराष्ट्रात 2023 पासून सहावी ते आठवीत असा प्रवेश देताना पाचवीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते). मी तिला तिसरीच्या बाकावर बसवलं, जिथे तिचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

हे पुन्हा सांगते, कारण नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. आपण मुलाचं वाचन तपासतो आणि तेच त्याचं वय समजतो. ही मुलगी एकरी उक्तं (ठरलेली ठोक मजुरी) आठ जणांत वाटून, त्यातून आईची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, वजा करून किती हातात पडणार ते तोंडी सांगायची. तिला मी दोन आकडी बेरजेला बसवलं होतं. वाचन कच्चं असेल तर वाचनाचा तास वेगळा घ्या. शाळेआधी घ्या, शाळेनंतर घ्या, रोज घ्या. वर्ग मात्र नियमात बसेल तिथवर वयाचाच. शाळा म्हणेल, "ताई, तिला झेपणार नाही." तेव्हा कलम 4 दाखवा, आवाज न चढवता, पण जागचं हलू नका.

कागदांची भीती बाळगू नका. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 5 आणि 14 त्यासाठीच आहेत. गावच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून दिलेलं पत्रक) आणलं असेल तर काम सोपं होतं. पुढच्या वर्षी गाव सोडण्याआधीच ते मागून घ्या, असं पालकांना आत्ताच सांगून ठेवा.

भाषेचं थोडक्यात. अनेक घरांत कोकणी बोलतात, म्हणजे कोकणा समाजाची बोली, गोव्याची नव्हे. मूल पहिले पंधरा दिवस गप्प राहिलं तर ते मंद नाही, ऐकतंय. त्याला बोलतं करायला नागलीचा (नाचणीचा), बैलांचा, नदीचा विषय काढा. मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकवणं मला पटत नाही. पाटी-पेन्सिल घेऊन शेजारी बसा. आणि पहिल्याच दिवशी मुलांबरोबर फोटो काढणाऱ्या मार्गदर्शकाकडून काही शिकायला जाऊ नका. शिकायचंच तर वस्तीतल्या अंगणवाडी ताईंकडून शिका, कुठल्या घरात कोण कधी गावी जाणार हे त्यांना ठाऊक असतं.

तुमच्या हातून मुलं सुटतील. मन घट्ट ठेवा, त्यात तुमचा दोष दर वेळी नसतो. ती तिसरीतून उठलेली मुलगी जानेवारीत सहावीत बसली, रोज सकाळी तासभर माझ्याजवळ वाचायची, धाकटा भाऊ मांडीवर. शिमग्याला गेली ती मेपर्यंत परत आली नाही. पण जाताना वही मागून घेऊन गेली. पुढच्या दिवाळीनंतर तिच्या मामेबहिणीला घेऊन आईच माझ्याकडे आली. म्हणाली, "हिला कोणत्या वर्गात बसवायचं, ते तुम्हीच सांगा."

मुलांना शोधायचं असेल तर पेठ नाक्यावर सकाळी सातच्या आत या. थोडा उशीर झाला की बागांच्या गाड्या निघून जातात.