अमेरिकेतून उन्हाळ्यापुरतं इंग्लंडला जाताना

तारखेपासून सुरुवात करते, कारण माझी तिथली पहिली रात्र तारखेपायीच वाया गेली. घरमालकीणबाईंना मी मेलमध्ये कळवलं होतं, ६/७ ला पोहोचते. मिशिगनमध्ये चार वर्षं काढल्यावर ६/७ म्हणजे जूनची सात तारीख हे हातात इतकं बसलं होतं, की साताऱ्याच्या शाळेत आपण आधी तारीख आणि मग महिना लिहायचो हे डोक्यातही आलं नाही. बाईंनी सहा जुलै धरली. मी ७ जूनला दोन बॅगा घेऊन दारात उभी, आणि माझ्या खोलीत दुसरीच मुलगी राहत होती. बाई मायाळू होत्या, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर अंथरूण घालून दिलं. पण पुढचे तीन दिवस लायब्ररीऐवजी खोली शोधण्यात गेले. तेव्हा मेल असो, अर्ज असो, महिना अक्षरांत लिहा.

भारतात शाळा शिकून अमेरिकेत पीएचडी करणाऱ्यांना हे आवर्जून सांगायचंय: इंग्लंडला जाताना अमेरिकेत लागलेल्या सवयी बाजूला ठेवा आणि लहानपणच्या बाहेर काढा. तळमजल्याच्या वर पहिला मजला असतो. बटण खाली दाबलं की दिवा लागतो. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं. डोकं दुखलं तर दुकानात सरळ पॅरासिटामॉल मागायची, टायलेनॉल शोधत बसायचं नाही. सुपरमार्केटात सोळा गोळ्यांचं पाकीट अगदी स्वस्तात मिळतं, पण एका वेळी दोनपेक्षा जास्त पाकिटं देत नाहीत.

निघण्याआधीच्या कागदपत्रांत दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिजा लागतो, त्यासाठी अमेरिकेतूनच अर्ज करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर साधारण तीन आठवडे धरून चाला, आणि तेवढ्यात पासपोर्ट दुसऱ्या कशासाठी लागणार नाही ना, ते बघा. (अमेरिकी पासपोर्टवाल्यांना व्हिजा नको, पण ईटीए ही ऑनलाइन परवानगी आता काढावी लागते.) दुसरी गोष्ट परतीची. आय-२० वर (अमेरिकी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा कागद) प्रवासासाठीची सही ताजी आहे का, एफ-१ च्या, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिजाच्या, शिक्क्याची मुदत उरलीय का, हे तिकीट काढायच्या आधी बघा. मुदत संपत आली असेल तर लंडनमध्ये नवा शिक्का मिळेल या भरवशावर राहू नका.

राहायला मला शेवटी विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं घरी गेली की बरीच वसतिगृहं खोल्या बाहेरच्यांना भाड्याने देतात. तीन महिन्यांसाठी यासारखी सोय नाही: अनामत, वीजबिल, फर्निचर कशाचीच कटकट नसते. पण एसी नसतो, आणि खिडकी वीतभरच उघडते. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात तापमान ४० अंशांच्या वर गेलं होतं, त्यामुळे ‘थंड देश आहे’ म्हणून गाफील राहू नका. छोटा टेबलफॅन पहिल्याच आठवड्यात घ्या. जूनमध्ये पहाटे पावणेपाचला सूर्य उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. पडदे पातळ असतील तर डोळ्यांवरची पट्टी जवळ ठेवा.

आता राइस कुकर. मिशिगनहून मी माझा लाडका छोटा कुकर नेला होता, सोबत पिनेचा अडॅप्टर. मूगडाळीची खिचडी लावली, बटण दाबलं, कांदा चिरायला घेतला. दोन मिनिटांत खालून प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, मग करडा धूर, आणि कांदा अर्धवट टाकून मी पळेपर्यंत आगीची घंटा वाजायला लागली. रात्री साडेनऊला सगळं वसतिगृह चपला घालून बाहेर हिरवळीवर! अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, इंग्लंडात २३०. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १००–२४० लिहिलेलं असतं, ते खुशाल लावा. कुकर, केसांचा ड्रायर, इस्त्री अमेरिकेतच ठेवा. भारतातून आणलेल्या वस्तूंना दाब चालतो, फक्त पिन बदलावी लागते. मात्र शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. मी झाकणाचं स्टीलचं पातेलं घेतलं आणि सगळा उन्हाळा त्यातच भात केला.

वाणसामान लंडनमध्ये वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर किंवा साउथॉलला. पोहे, गूळ, कढीपत्ता, हिरव्यागार मेथीच्या जुड्या, सगळं मिळतं. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, त्यामुळे अमेरिकेसारखं रात्री दहाला खरेदीला निघालात तर उपाशी झोपाल.

पैशांचं थोडक्यात. परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारं कार्ड न्या. मशीनने डॉलरमध्ये की पाउंडात असं विचारलं की नेहमी पाउंड. पाटीवरच्या किमतीत कर धरलेलाच असतो. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क लावलेलं असेल तर वेगळी टिप नको. लंडनच्या बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड टेकवायचं. बसमध्ये चढताना एकदाच, ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. दिवसाच्या भाड्याला वरची मर्यादा असते, पण सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड असं केलंत तर ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात.

आणि आता ज्यासाठी गेले ते काम. माझा विषय साताऱ्याचं राज्य. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं राहिले. त्या प्रकरणाचे कागद ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणारं लंडनमधलं सरकारी खातं) दप्तरात आहेत. वाचकपत्र फुकट मिळतं, पण घरच्या पत्त्याचा पुरावा लागतो. तिकडच्या खोलीचा तात्पुरता पत्ता नव्हे, तर अमेरिकेतल्या घराचा करार किंवा बँकेचं पत्र सोबत न्या. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात लायब्ररीची ऑनलाइन यादी बंद पडली होती. तेव्हापासून मी जाण्याआधी मेल करून हवे ते खंड उपलब्ध आहेत का ते विचारून घेते.

आशिया-आफ्रिका वाचनकक्ष तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या हिशेबाने तिसऱ्या. बॅग लॉकरमध्ये, आत फक्त पारदर्शक पिशवी, पेन्सिल, लॅपटॉप. मुंबई सरकारने लंडनला पाठवलेल्या प्रकरणांच्या फायली एफ/४ या मालिकेत मिळतात, १७९६ ते १८५८ पर्यंतच्या. खंड जाडजूड असतात. ते फोमच्या उतरत्या पाचरींवर ठेवायचे, म्हणजे बांधणीचा कणा ताणला जात नाही, आणि पान उघडं राहायला वर कापडी वजनांची माळ. पहिला खंड उघडला आणि माझ्या बाह्या तांबड्या झाल्या. जुन्या चामड्याची भुकटी होते, विटेच्या चुऱ्यासारखी, आणि ती बोटांवरून कागदावर जाते. म्हणून पांढरे कपडे नकोत, आणि दर तासाला हात धुऊन, पूर्ण कोरडे करून या.

लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, गेलात तर अमेरिकेतली ती पिवळी, मागे गुलाबी रबर लावलेली पेन्सिल नेऊ नका. तिथे रबर चालत नाही, पेन्सिलीच्या टोकाचंसुद्धा. क्यू रविवारी आणि सोमवारी बंद असतं, तेव्हा तो सोमवार ब्रिटिश लायब्ररीला द्या.

एक दुपार मात्र दप्तरातून उठून चॉक फार्म स्टेशनला उतरा आणि १०, किंग हेन्रीज रोडपर्यंत चालत जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. कोलंबियात शिकून ते १९१६ मध्ये पहिल्यांदा लंडनला आले, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून परतले, आणि १९२० मध्ये पुन्हा आले. अमेरिकेतून इंग्लंडला गेलेला आपल्यातला विद्यार्थी म्हटलं की मला आधी ते आठवतात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं. त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी होते. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या.

शेवटचं काम रोजचं आहे, आणि तेच टाळलं जातं. दिवसभर काढलेल्या फोटोंना त्याच रात्री नावं द्या: मालिका, खंड, पान. मी पहिले दोन आठवडे कंटाळा केला. ऑगस्टमध्ये मिशिगनला परतल्यावर सहाशे फोटो असे निघाले, की कागद कुठल्या खंडातला हेच कळेना. तळटिपेत त्यांचा काहीच उपयोग नाही. प्रत्येक खंडाचा पहिला फोटो मागणीच्या चिठ्ठीचा काढा. आणि हीथ्रोला जाताना आय-२० हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.