सरफेस ‘हायपरबोलिक’ आहे, पण कुठल्या अर्थाने? असं तपासायचं

हायपरबोलिक शब्द दिसला की आधी बघायचं, कुठला हायपरबोलिक. कारण सरफेससाठी (इथे रीमान सरफेस, म्हणजे कॉम्प्लेक्स प्लेनचे तुकडे जोडून बनलेलं पृष्ठ) निदान तीन अर्थ चालतात आणि ते एकात एक मिसळले की प्रूफ कुठे अडलं तेच सापडत नाही.

पहिली तपासणी सगळ्यात सोपी. युनिव्हर्सल कव्हर (सरफेस पूर्ण उलगडून मिळणारं, भोकं नसलेलं रूप) युनिट डिस्क, म्हणजे त्रिज्या 1 च्या वर्तुळाचा आतला भाग, आहे का? 1907 मध्ये कोबे आणि प्वांकारे दोघांनी सिद्ध केलेलं युनिफॉर्मायझेशनचं प्रमेय इथे कामाला येतं: गोल, प्लेन, एक बिंदू काढलेलं प्लेन आणि टोरस, एवढेच सोडले तर बाकी प्रत्येक रीमान सरफेस पास. म्हणजे ही यादी पाठ असली की झालं. (कोबायाशी हायपरबोलिक वाचलंत तर सरफेसवर त्याचा अर्थ हाच.)

दुसरी, ग्रीन फंक्शन आहे का. सोप्या भाषेत, सरफेसवर ब्राउनियन मोशन (यादृच्छिकपणे सतत भटकणारा कण) सोडली तर ती कायमची निघून जाते का पुन्हापुन्हा परत येते? निघून गेली तर पास. ही पास झाली की पहिली आपोआप पास, उलटं मात्र नाही.

तिसरी ग्रोमोव्हची, 1987 ची. प्रत्येक त्रिकोणाची (बाजू म्हणजे दोन टोकांमधला सगळ्यात छोटा रस्ता) प्रत्येक बाजू उरलेल्या दोन बाजूंपासून एका ठरलेल्या δ च्या आत हवी, त्रिकोण कितीही मोठा घ्या. वक्रता −1 असलेल्या डिस्कवर δ = log(1+√2), साधारण 0.88 पुरतो, साध्या प्लेनवर त्रिकोण दुप्पट केला की जाडीही दुप्पट, म्हणून नापास. एक लक्षात ठेवा, कॉम्पॅक्ट सरफेस इथे नेहमीच पास होतं, टोरससुद्धा, कारण δ म्हणून अख्खा व्यासच घेता येतो, त्यामुळे प्रश्न त्याच्या युनिव्हर्सल कव्हरवर विचारायचा.

आता 0 आणि 1 काढलेलं प्लेन घ्या, माझं सगळ्यात आवडतं. पहिली पास, आणि पिकार्डचं 1879 चं प्रमेय इथूनच निघतं: दोन किमती टाळणारं एंटायर फंक्शन (अख्ख्या प्लेनवर कॉम्प्लेक्स अर्थाने डिफरन्शिएबल) युनिव्हर्सल कव्हरवर, म्हणजे डिस्कमध्ये, लिफ्ट होतं, मग ते बाउंडेड, मग लिउव्हिलच्या प्रमेयामुळे (बाउंडेड एंटायर फंक्शन कॉन्स्टंटच असतं) कॉन्स्टंट. दुसरी नापास, कारण गोलातून तीनच बिंदू काढलेत आणि ब्राउनियन मोशनला बिंदू लागतच नाहीत. तिसरी, हायपरबोलिक मेट्रिक घेऊन, परत पास: क्षेत्रफळ फक्त 2π, तीन कस्प (काढलेल्या बिंदूंकडे जाणारी अनंत लांब टोकं) निमुळते होत जातात, लांबून बघितलं तर एका ठिकाणी जोडलेले तीन किरणच.

मग जीनस 2 च्या (दोन भोकांच्या) कॉम्पॅक्ट सरफेसचं असं कव्हर घ्या की ज्याचा डेक ग्रुप (कव्हरच्या सरकवण्यांचा ग्रुप) Z², म्हणजे पूर्णांकांच्या जोड्या, आहे. त्याचं युनिव्हर्सल कव्हर डिस्क आहेच, पण लांबून ते चौकटींच्या जाळीसारखं दिसतं म्हणून ग्रोमोव्ह नापास, आणि दोन मितींच्या जाळीवर रँडम वॉक परत येतो (पोल्या, 1921) म्हणून ग्रीन फंक्शनही नाही. Z² च्या जागी Z³ घातलं की वॉक निघून जातो, ग्रीन फंक्शन मिळतं, ग्रोमोव्ह मात्र नापासच राहतो.