रॅमचं पेज खराब झालं तर लिनक्स सावरतो का? चाचणी अशी घ्या

महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरात सर्व्हर रॅकवर चढवण्याआधी स्ट्रेस टेस्ट आवर्जून चालवा. पण चालत्या मशीनवर रॅमचं एखादं पेज (४ केबीचा तुकडा) खराब झालं तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय करतो, हेही तपासाच. सुरुवात केव्हीएमच्या (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) व्हर्च्युअल मशीनवर करा, प्रॉडक्शनवर अजिबात नको.

कर्नलमध्ये 'मेमरी फेल्युअर' हा पर्याय चालू हवा. रूट म्हणून छोटा सी प्रोग्रॅम चालवा: एमएमॅप कॉलने (मेमरी मागणारा) ४ केबीचं पेज घ्या, त्यात काहीतरी लिहा, मग त्याच पत्त्यावर एमअॅडव्हाइज कॉल १०० या किमतीने करा, म्हणजे कर्नल ते पेज खराब झालं असं धरतो. लिहिण्याची पायरी गाळू नका. न लिहिलेल्या पेजला स्वतःची रॅम मिळालेलीच नसते. जुन्या कर्नलवर पेजला पुन्हा हात लागताच सिगबस (प्रोग्रॅमला मारणारा सिग्नल) यायला हवा, कोड ४; ६.११ पासूनच्या कर्नलवर तो कॉल करताच येतो. जुन्या कर्नलवर 'अर्ली किल' ही सेटिंग १ केली, तर तो हात लागण्याआधीच येतो, कोड ५. मेमइन्फोत (मेमरीचा हिशेब देणारी फाइल) 'हार्डवेअर करप्टेड' ४ केबीने वाढतं, डीमेसगमध्ये (कर्नलचे संदेश) 'रिकव्हर्ड' दिसतं.

खरी मेख फाइल कॅशेत, म्हणजे रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या प्रतींत आहे. पेज डिस्कशी जुळत असेल तर कर्नल ते टाकून देतो आणि डिस्कवरून पुन्हा वाचतो. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. डिस्कवर उतरायचं बाकी असेल, तर डेटा गेलाच, आणि एफसिंकला (डेटा डिस्कवर उतरवणारा कॉल) ईआयओ, म्हणजे वाचन-लेखनाची त्रुटी मिळते. डेटाबेस ती त्रुटी नीट हाताळतो का, इथे लक्ष द्या. मशीन चालू राहिलं एवढ्यावर पास म्हणू नका; डेटाचे आधीचे आणि नंतरचे चेकसम (डेटा बदलला का ते दाखवणारे आकडे) ताडून बघा. कर्नलच्या स्वतःच्या पेजला मात्र सहसा वाचवता येत नाही.

यानंतर खऱ्या हार्डवेअरवर ईआयएनजे (मुद्दाम चूक घडवण्याची सोय) वापरा. बायोसमध्ये एरर इंजेक्शन चालू करा, मशीन चुकांचे कोणते प्रकार देतं ते बघा. हेक्स ८ म्हणजे दुरुस्त होणारी चूक, १० न होणारी, २० घातक. आधी ८ घ्या: ईडॅकचा (मेमरीच्या चुका मोजणारा कर्नलचा भाग) काउंटर वाढला पाहिजे, एकही प्रोग्रॅम मरता कामा नये. मग १०, त्यासाठी 'नो ट्रिगर' १ ठेवा, म्हणजे चूक कर्नल स्वतः चाळवणार नाही, ते पेज तुमचाच प्रोग्रॅम वाचेल.

घोटाळा होतो तो पत्त्यात. 'करप्ट पीएफएन' (पेज खराब ठरवण्याचा दुसरा मार्ग) या फाइलला पेजचा क्रमांक लागतो, ईआयएनजेला पूर्ण भौतिक पत्ता, म्हणजे क्रमांक गुणिले ४०९६. गल्लत झाली की भलत्याच प्रोग्रॅमचा बळी जातो. रूट नसताना पेजमॅप (पेजचा क्रमांक सांगणारी फाइल) हा क्रमांक शून्य दाखवतो, तो तसाच वापरू नका.

दर फेरीनंतर मशीन रीबूट करा. खराब ठरवलेलं पेज एरवी बादच राहतं.