ओरडून डेटा सुरक्षित राहत नाही : ऑफिसातल्या या चुका टाळा

ऑफिसचा डेटा सुरक्षित करायचाय म्हणून मला बोलावतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं अँटिव्हायरस घेऊ?" घ्या हो कुठलंही बरं. मला त्याआधी विचारायचं असतं की मागच्या वेळी कुणाच्या हातून चूक झाली तेव्हा तुम्ही त्याला काय बोललात. या प्रश्नावर बहुतेक साहेब खुर्चीत हलतात.

सांगणाऱ्यालाच झोडपणं

एका ऑफिसात अकाउंट्समधल्या ताईंना पुरवठादाराच्या नावाने मेल आली. बिल म्हणून जोडलेली फाइल त्यांनी उघडली आणि 'एनेबल कंटेंट', म्हणजे फाइलमधल्या छुप्या आज्ञा चालू करणारं बटणही दाबलं. दोन मिनिटांत त्यांनाच शंका आली. त्या तडक उठल्या आणि साहेबांना सांगून आल्या. नेटवर्कची केबल काढली, मशीन बाजूला ठेवलं, नुकसान काही नाही. इतकं चोख कुणी वागत नाही. बक्षीस काय मिळालं? दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर "अक्कल गहाण ठेवली होती का?" आणि वर ऑफिसच्या ग्रुपवर नावानिशी मेसेज.

काही महिन्यांनी डिस्पॅचमधल्या एका मुलाने तशीच फाइल उघडली. शुक्रवारची संध्याकाळ होती. फाइली उघडेनाशा झाल्या, तेव्हा त्याने मॉनिटर बंद केला आणि गुपचूप घरी गेला. सोमवारी सकाळी सामाईक फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट चिकटलेलं आणि जिथेतिथे खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरलाच कायमची जोडलेली, त्यामुळे तीही गेली. मुलाला विचारलं तर म्हणाला, "सर, ताईंचं काय झालं ते मी बघितलं होतं ना."

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कुणी चूक सांगायला आलं की तोंडातून पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलंत" हेच निघालं पाहिजे. राग आला असेल तर आधी पाणी पिऊन या. प्रत्येक टेबलावर एक कागद चिकटवतो : नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन बंद करू नका, या नंबरवर फोन करा. मशीन बंद केलं तर मेमरीतले पुरावे जातात, म्हणून ती तिसरी ओळ. समज द्यायचीच असेल तर नंतर, बंद दाराआड. लपवलं असेल तर मात्र मीही गय करत नाही.

प्रशिक्षण म्हणजे एक तास स्लाइड्स आणि एक सही

नवीन माणूस पहिल्याच दिवशी चाळीस स्लाइड्स बघतो, सही करतो आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं विसरतो. ती सही फक्त पुढे कुणावर तरी बोट दाखवायला उपयोगी पडते. मी नव्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो, त्या आठवड्यात खरोखर आलेली एखादी फसवी मेल उघडतो आणि पाठवणाऱ्याचा पत्ता त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो. पुढचा माणूस आला की त्याला हे शिकवायचं काम याचं. घाईतली पोरं म्हणतात, "सर, माहितीये सगळं, कामाला लागू का?" नाही. आधी वाचून दाखव.

आणि चाचणीच्या नावाखाली माणसांना चिडवू नका. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीने, कोण फसतं ते बघायला, आपल्याच कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या बोनसचं आमिष दाखवणारी खोटी मेल पाठवली. सुमारे ५०० जण फसले, पण माफी कंपनीलाच मागावी लागली. कोरोनाच्या वर्षात बोनसची थट्टा केल्यावर ते लोक पुढची संशयास्पद मेल आपणहून कळवतील का, तुम्हीच सांगा.

सगळ्यांना मिळून एकच लॉगिन

'ॲडमिन' नावाचं एक खातं, त्याचा पासवर्ड सहा जणांना ठाऊक. "वेळ वाचतो." वाचतो खरा; मग एक दिवस रेकॉर्ड उडतं आणि ते कुणी उडवलं हे देवालाही सांगता येत नाही. त्यातून एक जण नोकरी सोडतो. त्याची मेल बंद करतात, बाकीचं कुणाच्या लक्षातच नसतं. एके ठिकाणी सरकारी पोर्टलचा ओटीपी सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी मोबाइलवर जायचा. आख्खं ऑफिस त्याला गोड आवाजात फोन करायचं, आणि तो मीटिंगमध्ये असला की भरणा अडकायचा. त्याचं मन चांगलं म्हणून निभावलं.

यावर माझ्याकडे कुठलंही सॉफ्टवेअर नाही, एक कागद आहे. रुजू होताना काय काय दिलं ते त्यावर लिहायचं : मेल, क्लाउड, ग्रुप, एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर), किल्ल्या, ओटीपीचा नंबर. जाताना तोच कागद वरून खाली टिक करत जायचं. वैताग येतो, पण करायचं.

बॅकअप आहे, पण उघडून बघितलाय कुणी?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपचे पाच मार्ग होते, ऐन वेळी त्यातला एकही नीट चालला नाही. नशिबाने सहा तास आधीची एक प्रत सापडली. त्यांनी दोष एका माणसावर न ढकलता सगळं उघडपणे लिहिलं, हे मला जास्त भावलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर, हे सगळ्यांना पाठ असतं. मी दर महिन्याला एक फाइल खरोखर परत आणून उघडतो. बॅकअप चालतोय हे त्याशिवाय मी मानत नाही.

आता किरकोळ

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती सोडा. एनआयएसटी या अमेरिकी संस्थेनेच २०१७ मध्ये ती नको म्हटलं. लोक शेवटी १ च्या जागी २ लावतात, दुसरं काही होत नाही.

अपडेट "उद्या" वर ढकलू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरला, त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आलं होतं.

सगळ्या ग्राहकांना एकाच मेलमध्ये सीसी करू नका, त्यात सगळ्यांना एकमेकांचे पत्ते दिसतात; ते लपवणारं बीसीसी त्याचसाठी आहे.

साहेबांना नियमातून सूट नको. "मला तो कोड टाकायचा त्रास नको" म्हणणारे तेच असतात, आणि "तातडीने पैसे पाठवा" ही खोटी मेल त्यांच्याच नावाने येते. दोन टप्प्यांचं लॉगिन (आधी पासवर्ड, मग तो कोड) मी सगळ्यात आधी त्यांच्याच खात्याला लावतो. चार दिवस कुरकुर चालते, मग सवय होते.