अक्षरं सारखी म्हणून अर्थ सारखा? इंग्रजी शब्द पाठ करताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मोबाइलमध्ये एक पीडीएफ हमखास असते. 'इन'ने सुरू होणारे शब्द, 'पेड' असलेले शब्द, 'ओ-यू-जी-एच' असलेले शब्द, आणि प्रत्येकासमोर एकेक अर्थ. कुणी केली ते कुणालाच माहीत नसतं, पण ग्रुपवर फिरत असते. याद्यांशी माझं भांडण नाही. चार अक्षरं जुळली की अर्थही जुळलाच असं धरून चालतात, त्याच्याशी आहे.

'इन' म्हणजे 'नाही'

ही चूक तपासून तपासून मी कंटाळले आहे. इनकरेक्ट म्हणजे चुकीचं, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, इथवर ठीक. मग इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं, असं पोरं ठोकून देतात. पेट्रोलच्या टँकरमागे तोच शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेला रोज बघतात, तरीही!

माझ्या संध्याकाळच्या वर्गातला एक मुलगा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला लागला. यादी तोंडपाठ, अगदी झोपेतून उठवलं तरी सांगेल. थिनरचे डबे आले, त्यांवर इनफ्लेमेबल लिहिलेलं. याने ते ग्राइंडिंगच्या शेडमध्ये भिंतीला रचले, कारण 'हे पेटत नाही'. ठिणग्या डब्यांपासून हातभर अंतरावर पडत होत्या. फोरमनने बघितलं, मशीन बंद करायला लावलं आणि आधी डबे बाहेर काढले. शिव्या नंतर घातल्या. माझ्याकडे येऊन पठ्ठ्या म्हणतो, "पण मॅडम, यादीत 'इन' म्हणजे नाही असंच दिलंय."

लॅटिनमध्ये 'इन' दोन होते. एक नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. इनफ्लेमेबल दुसऱ्याच्या घरचा: पेटवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला, इनफ्लमेशनचा सख्खा भाऊ. म्हणून फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही, आणि न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणायचं. हा घोळ जिवावर बेतू शकतो, म्हणून हल्ली बऱ्याच लेबलांवर नुसतं फ्लेमेबल छापतात. इनव्हॅल्युएबलमध्ये 'इन' नकाराचाच आहे, पण अर्थ 'कवडीमोल' नाही. ज्याचं मोल करता येत नाही, म्हणजे अनमोल. निरोप समारंभाच्या भाषणात हा उलटा झाला की काय होतं ते विचारू नका.

माझी सवय: 'इन'चा शब्द वहीत एकटा लिहू देत नाही. डबा, पाटी, बातमी, जिथे दिसला तिथलं अख्खं वाक्य उतरवायचं. वेळ जातो. जाऊ दे.

'पेड' म्हणजे पाय

पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर यांत पायच आहे, लॅटिनचा. पीडियाट्रिशियन मात्र बालरोगतज्ज्ञ. तिथलं 'पेड' ग्रीक, अर्थ मूल. टीईटीवाल्यांचं पेडॅगॉजी, म्हणजे अध्यापनशास्त्र, त्याच घरातलं. आता ऑर्थोपेडिक घ्या. पायाचं प्लास्टर डोळ्यांसमोर येतं आणि सगळे 'पाय' म्हणून मोकळे होतात. पण निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली 'सरळ' आणि 'मूल' हे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला, कारण त्याचा विषय होता मुलांच्या शरीरातली व्यंगं सरळ करणं. कृषीच्या मुलांना तर तिसरंच भेटतं: पेडॉलॉजी, म्हणजे मृदाशास्त्र. इथे 'पेड' म्हणजे जमीन.

ओळखायला एक खूण आहे. ब्रिटिश स्पेलिंग बघा. मुलाच्या 'पेड'मध्ये तिथे 'पी'नंतर बहुधा 'ए-ई' असतं (पेडॅगॉजी मात्र अपवाद), पायाच्या 'पेड'मध्ये नुसता 'ई'. अमेरिकनांनी तो 'ए' गाळला आणि आपल्या पोरांच्या डोक्याला ताप झाला.

'अँटी' एकच समजणं

'आय'वाला विरोधाचा: अँटिबायोटिक. 'ई'वाला आधीचा: अँटिनेटल, म्हणजे प्रसूतीपूर्व. आरोग्य केंद्रातल्या एएनसी (अँटिनेटल केअर) कार्डातला 'ए' तोच, आणि घड्याळातल्या एएममधलाही तोच: माध्यान्हापूर्वी.

'ओ-यू-जी-एच'चा नियम शोधत बसणं

टफ, कॉफ, दो, थ्रू, थॉट, बाउ. नियम नाही, शोधू नका. या 'जी-एच'चा उच्चार एकेकाळी घशातून, आपल्या 'ख'च्या जवळपास व्हायचा. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार मात्र बदलत राहिले. प्रत्येक शब्द मोठ्याने, सुटा म्हणा. यादी एका दमात म्हणणाऱ्याला मी मधलाच शब्द विचारते आणि गाडी तिथेच अडते.

जुळे शब्द एकाच दिवशी पाठ करणं

अफेक्ट-इफेक्ट, प्रिन्सिपल-प्रिन्सिपल, कॉम्प्लिमेंट-कॉम्प्लिमेंट. जोडीने घोकलेले शब्द जोडीनेच चुकतात. एक पक्का होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, आठवडा गेला तरी. "मॅडम, परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय" म्हणणाऱ्यांनी निम्मेच शब्द करावेत.

देवनागरीत उच्चार लिहून पाठ करणाऱ्यांची इथे दांडी उडते. इथे वाचायला ठीक, पण वहीत एबीसीडीच हवी. स्टेशनरीच बघा: 'ए-आर-वाय' म्हणजे स्थिर, 'ई-आर-वाय' म्हणजे वह्या-पेनं. दुकानांच्या पाट्यांवर बघून स्पेलिंग शिकू नका, तिथे बऱ्याचदा 'ए'च रंगवलेला असतो.