हॉटेलात आपल्याला हवं ते कसं मागावं: भिडस्त आणि चोखंदळ खाणाऱ्यांसाठी

मेनूकार्ड टेबलावर आलं की घरातला सगळ्यात चोखंदळ माणूस सगळ्यात आधी म्हणतो, "माझं काहीही चालेल." मग काजूच्या गोडसर ग्रेव्हीतलं पनीर येतं आणि हा गृहस्थ रोटीचे कोरडे तुकडे मोडत बसतो. घरी आमटीत मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी बोलून दाखवणारी माणसं वेटरसमोर मात्र अवघडतात. पानात टाकायचं नाही, अन्नाला नावं ठेवायची नाहीत, चारचौघांत नखरे करायचे नाहीत, हे लहानपणीच अंगात मुरलेलं असतं. त्यात शेजारी सासरची मंडळी किंवा ऑफिसचे साहेब बसलेले असले की विचारायलाच नको.

यातला बराचसा संकोच माहिती नसल्यामुळे येतो. आपण मागतोय ते आचाऱ्याला सोपं आहे की त्याच्या डोक्याला ताप आहे, हेच ठाऊक नसतं. काय सकाळीच शिजून तयार असतं आणि काय आपली ऑर्डर आत गेल्यावर कढईत पडतं, एवढं समजलं की नेमकं मागता येतं. नेमकं मागणाऱ्याला नखरेल म्हणायची वेळ वेटरवर सहसा येत नाही.

१. घरूनच ठरवून निघा: काय चालतच नाही, काय सोसत नाही, काय आवडत नाही

या तीन गोष्टी आपण एकाच सुरात सांगतो आणि तिथेच घोळ होतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, मांसाहार वर्ज्य असणं, डॉक्टरांनी लावलेलं पथ्य या गोष्टी 'चालतच नाही'मध्ये येतात. त्या आवाज न चढवता, पण ठामपणे सांगायच्या. तिखट सोसत नाही, मैद्याने पोट बिघडतं, हे दुसऱ्या प्रकारात. इथे थोडी तडजोड होऊ शकते. सिमला मिरचीचा वास आवडत नाही, हा तिसरा प्रकार. त्यासाठी "सिमला मिरची घालू नका" एवढं पुरे. कारण देण्याची गरज नाही.

नावडीला अ‍ॅलर्जी म्हणून खपवणं मात्र मला पटत नाही. अ‍ॅलर्जी म्हटल्यावर नीट चालणाऱ्या हॉटेलात वेगळी कढई, वेगळा झारा घेतात, धावपळ होते. मग तोच माणूस जेवणानंतर काजू-पिस्त्याची कुल्फी मागवतो आणि पुढच्या खऱ्या रुग्णाचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही.

काही जणांचं नकोसं वाटणं नखऱ्यांच्या फार पलीकडचं असतं. विशिष्ट पोत किंवा वास आला की घासच गिळवत नाही, आणि खाण्याचे पदार्थ मोजकेच उरतात. मानसोपचाराच्या वर्गीकरणात २०१३ पासून याला स्वतंत्र निदान आहे. अशा माणसाला "एक घास खाऊन तर बघ" म्हणून काही साधत नाही. त्याच्या साध्या डोशाकडे दुर्लक्ष करा आणि आपलं जेवा.

२. जागा ठरतानाच तोंड उघडा

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर "शनिवारी सावजीला जाऊ या" असा मेसेज पडतो आणि आपण अंगठा देऊन मोकळे होतो. सावजी मसाला मुळातच जहाल. तिथे जाऊन "कमी तिखट द्या" म्हणण्यात अर्थ नाही. तेव्हाच लिहावं, "मला तिखट झेपत नाही, दुसरीकडे जमेल का? नाहीतर मी वाढदिवसाच्या केकला येतो." लोक एवढे वाईट नसतात, जागा बदलतात.

पथ्य कडक असेल तर आधी फोन करा. रविवारी दुपारी दीड वाजता गल्ल्यावरचा माणूस "हो हो, सगळं मिळेल" म्हणून फोन ठेवेल. सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत करा, आणि फोन कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, द्यायला सांगा.

३. आत काय तयार असतं, ते ओळखा

नेहमीच्या पंजाबी मेनूच्या हॉटेलात शेगडीशेजारी तीन-चार मोठी पातेली असतात: कांदा-टोमॅटोची तपकिरी ग्रेव्ही, टोमॅटो-बटरची लाल मखनी, काजू-मगजबीची पांढरी, कुठे पिवळी. मेनूवर भाज्यांची चाळीस नावं असली तरी बहुतेकांचा जन्म या पातेल्यांतून होतो. आचारी डावभर ग्रेव्ही कढईत घेतो, वरून मिरची, मसाला, क्रीम घालतो, पनीर किंवा भाजी सोडतो. तेव्हा तिखट कमी करणं त्याच्या हातात असतं. ग्रेव्हीत वाटला गेलेला कांदा किंवा काजू तो बाहेर काढू शकत नाही. "पनीर बटर मसाला, विना कांदा" म्हटल्यावर तो होकार देईल आणि वरून फक्त कांद्याच्या चकत्या टाकायच्या थांबवेल. "कमी तिखट"चा अर्थही पुष्कळ ठिकाणी "जास्त क्रीम" असा होतो, म्हणून गोड नको असेल तर तेही सांगा.

सगळ्यात सोयीचा पदार्थ म्हणजे डाळ. बहुतेक ठिकाणी ती शिजवून, घोटून ठेवलेली असते आणि लसूण, मिरची, तूप हे सगळं फोडणीत, ऑर्डर आल्यावर पडतं. लसूण नको, मिरची नको, तूप नको, सगळं जमतं. लहान मुलांसाठी "डाळ विना फोडणी, साधा भात, लिंबू" मागितलं की घरच्या वरणभाताच्या जवळपासचं काहीतरी हाती लागतं. भेंडी फ्राय, जिरा आलू अशा कोरड्या भाज्यांतही फेरफार करणं सोपं.

चायनीजवाले सगळं तिथल्या तिथे परततात. अजिनोमोटो नको, लसूण कमी, अंडं नको, हे ते रोज ऐकतात. शेजवान मात्र वेगळं प्रकरण आहे. तो सॉस आधीच तयार असतो आणि त्यात लसूण-मिरचीच मुख्य. उडप्याकडे डोसा, उत्तप्पा तुमच्यासमोर तव्यावर पडतो, पण सांबार सकाळचंच असतं आणि त्यात कांदा असतो. डोशातल्या बटाट्याच्या भाजीचंही तेच. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी रवा डोसा टाळावा हे उघड आहे. बाजारच्या खड्याशिवायच्या पूड हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, हे मात्र पटकन लक्षात येत नाही.

मिसळीला गेलात तर कट वेगळ्या वाटीत मागा. उसळ आणि फरसाण त्या मानाने सौम्य असतं, वरून झेपेल तेवढा कट घ्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी फरसाणाबद्दल विचारल्याशिवाय चमचा उचलू नये. कोल्हापुरी ताटात तांबड्याने डोळ्यांत पाणी आलं तर पांढरा रस्सा असतोच, पण त्यात काजू, तीळ, खसखस वाटलेली असू शकते. मालवणी खाणावळीत माशाचं सार सकाळीच झालेलं असतं, तळलेल्या तुकडीला रवा लावायचा की नाही हे मात्र तुमच्या हातात. दमाच्या बिर्याणीत काहीच बदलत नाही. हंडी एकदाच लागते. फार तर रायता जास्त मागा.

४. "हे होईल का?" असं विचारू नका

कामाच्या घाईत वेटरला हो-नाहीचा प्रश्न विचारला तर उत्तर "हो" येतं. "तिखट आहे का?" याचं उत्तर महाराष्ट्रभर "नाही, मिडियम आहे" हेच. म्हणून प्रश्नच असा करा की त्याला पदार्थाचं नाव घ्यावं लागेल.

"दादा, तुमच्याकडे सगळ्यात कमी तिखट काय आहे?"
"मेथी मलाई मटर घ्या."
"त्यात काजू असतो?"
"असतो ना, व्हाइट ग्रेव्ही आहे."
"काजूने मला त्रास होतो, डॉक्टरांनी बंद केलाय. काजू अजिबात नसलेलं काय मिळेल?"
"मग दाल तडका, नाहीतर भेंडी फ्राय. थांबा, आत विचारून येतो."

"आत विचारून येतो" हे ऐकलंत की समजा, काम झालं. त्याने विचारलंच नाही तर आपणच म्हणावं, "आचाऱ्यांना एकदा विचारता का? थांबतो मी." तो परत आल्यावर तुमची अट त्याच्याकडून एकदा वदवून घ्या आणि ती ऑर्डरच्या कागदावर लिहायला सांगा, कारण आचाऱ्यापर्यंत तो कागदच जातो. पुण्यात "अहो", मुंबईत "बॉस", उडप्याकडे "अण्णा", कसंही बोलवा. चुटकी वाजवून किंवा "शुक शुक" करून बोलावणाऱ्याची ऑर्डर आत कुठल्या सुरात सांगितली जाते, याचा अंदाज तुम्हीच करा.

मोठ्या साखळी हॉटेलांत आणखी एक सोय आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी उष्मांकांबरोबर अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांचीही माहिती द्यायची असते: ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. मेनूवर नसेल तर "अ‍ॅलर्जीचा तक्ता दाखवा" म्हणून मागा.

५. जैन, उपास आणि चातुर्मास

"जैन द्या" म्हटलं की कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर आणि जमिनीखालचं बाकी सगळंही जातं. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं येतं. कांदेनवमी झाल्यावर चार महिने कांदा-लसूण सोडणाऱ्या, पण बटाटा खाणाऱ्या घरांनी म्हणूनच "कांदा-लसूण नको, बटाटा चालेल" असं पुरतं वाक्य म्हणावं.

उपासाचं खरं कोडं तळणीत असतं. साबुदाणा वडा बटाटेवड्याच्याच कढईत तळला जातो का, हे विचारायला लाजू नका. ज्यांना चालतं ते खातात, ज्यांना चालत नाही त्यांनी खिचडी घ्यावी. कोथिंबिरीबद्दल तर घराघरांत मतभेद आहेत, आचाऱ्याला तुमच्या घरचा नियम कसा कळणार? "वर कोथिंबीर नको" हे आधीच सांगा. डिश समोर आल्यावर एकेक पान वेचत बसू नका.

६. घोळक्यात असाल तर

पहिली ऑर्डर तुमची असू द्या. सगळ्यांचं ठरून झाल्यावर "मला मात्र…" अशी सुरुवात केली की टेबलावरचे आठ चेहरे वळतात. सुरुवातीलाच "माझ्यासाठी एक दाल तडका, बाकी तुम्ही ठरवा" म्हटलं तर कुणाचं लक्षही जात नाही.

आग्रह हे आपल्याकडचं खास संकट. "एवढंसं काय घेतलंस? चिकन घे की, काही होत नाही!" यावर कारणं सांगू लागलात की प्रत्येक कारणावर तोडगा निघतो. "नको काकू, मी घेतलंय माझं," एवढं हसून म्हणावं आणि विषय त्यांच्या मुलीच्या परीक्षेकडे न्यावा. थाळीच्या हॉटेलात वाढप्याला थांबवायला वाटीवर आडवा हात पुरतो. तोंडाने तीनदा "नको" म्हटलं तर तो संकोच समजून अजून एक पुरी टाकतो.

आणि यजमान तुम्ही असाल, तर सगळ्यांच्या वतीने ऑर्डर देण्याचा मोह आवरा. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याला दोन नावांतून एक निवडायला लावा.

७. पदार्थ चुकीचा किंवा बिघडलेला आला तर

दुसऱ्या-तिसऱ्या घासाला सांगा. अर्धी वाटी रिकामी करून तक्रार केली तर कुणालाही शंका येईल. "चांगलं नाही" एवढ्यावर आचारी काहीच करू शकत नाही. "पनीर आंबट लागतंय", "भात कच्चा आहे" म्हटलं की तो लगेच बदलतो. तुम्ही सांगूनही वर्ज्य वस्तू आली असेल तर ती वरून काढून तीच डिश परत आणू देऊ नका, नवी करायला सांगा. अ‍ॅलर्जी असेल तर याला अपवाद नाही. फक्त तुमच्या कल्पनेपेक्षा चव वेगळी निघाली, तर तो दोष हॉटेलचा नाही, पैसे द्यायचे. इथे भीड बाळगू नये ती खऱ्या चुकीबाबत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी.

८. पाणी आणि बिल

"साधं पाणी की बिसलेरी?" याला "साधं" हे पूर्ण उत्तर आहे. बाटली मागवलीत तर छापील किमतीहून जास्त पैसे लागू शकतात. बसून खायच्या हॉटेलांना तशी मुभा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे.

सर्व्हिस चार्जचं तसं नाही. तो आपोआप बिलात लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. नको असेल तर "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या" म्हणा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जीएसटी वेगळा, तो भरावाच लागतो. साध्या हॉटेलात ५ टक्के.

तुमच्यासाठी आत-बाहेर चार खेपा घातलेल्या वेटरला मात्र टीप रोख आणि थेट हातात द्या, त्याचं नाव विचारून ठेवा. पुढच्या वेळी त्याच्याच टेबलावर बसलात तर काजूचा विषय बहुधा तोच काढेल.